थकलेल्या दिवसाचा पगार

कॅप्टन,



हे पत्र तुमच्या पगाराबद्दल आहे. दुसऱ्याला पगार विचारू नये असं आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतं, पण वैमानिकाच्या बाबतीत ती मर्यादा कुणी पाळत नाही. २०२३ च्या सुरुवातीला एअर इंडियाने बोइंग ७७७ च्या कॅप्टनसाठी महिना २१,००० डॉलर, म्हणजे त्या वेळच्या दराने १७ लाखांहून जास्त रुपये, देऊ केल्याची बातमी आली आणि ‘वर्षाला दोन कोटी’ हा आकडा लोकलच्या डब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे फिरला. ‘बसल्या जागी एवढे पैसे? विमान तर ऑटोपायलटच चालवतो,’ हे वाक्य तेव्हापासून मी कित्येकांच्या तोंडून ऐकलं. तुम्हाला ते किती वेळा ऐकावं लागत असेल!

मी तुमच्या विमानातून अमेरिकेला जाणारी-येणारी एक प्रवासी आहे. माझी भाची वैमानिक आहे, त्यामुळे या गोष्टी घरात कानावर पडतात. मला तुमचा पगार जास्त वाटत नाही, हे आधीच सांगून टाकते. माझी तक्रार आकड्याबद्दल नाही. तो ज्या रीतीने मोजला जातो, त्या रीतीबद्दल आहे. ही तक्रार तुमच्याकडे घेऊन आले, कारण ती रीत बदलायची ताकद तुमच्याइतकी दुसऱ्या कुणाकडे नाही.

आधी आकड्याचंच बघू. महिन्याचे १७ लाख ४० हजार आणि ७५ तासांचं उड्डाण धरलं, तर तासाला २३ हजार रुपये पडतात. मुंबई–न्यूयॉर्क हा १६ तासांच्या आसपासचा प्रवास, म्हणजे एका खेपेचे तुमचे पावणेचार लाख. विमानात तीनशे माणसं असतील तर माणशी साडेबाराशे रुपये. एवढ्या लांबच्या उड्डाणाला चार वैमानिक लागतात. चौघांनाही तुमच्याएवढाच पगार आहे असं मानलं (तो नसतो), तरी माणशी पाच हजारांच्या वर जात नाही. एका जादा बॅगेसाठी आम्ही काउंटरवर याहून जास्त पैसे निमूटपणे भरतो. तुमच्या दोन कोटींतला तिसरा हिस्सा आयकरात जातो, हे तर पंगतीत कुणी बोलतच नाही.

आणि त्या खुर्चीपर्यंत पोचायला काय लागतं? बारामतीला, धुळ्याला, गोंदियाला किंवा परदेशात जाऊन सीपीएलसाठी, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी, २०० तास उडायचं, त्यात ५० लाखांच्या पुढे खर्च करायचा, मग टाइप रेटिंगचे, म्हणजे एका ठरावीक विमानाच्या प्रशिक्षणाचे, आणखी काही लाख. एटीपीएलसाठी, म्हणजे कॅप्टन व्हायला लागणाऱ्या परवान्यासाठी, १,५०० तास. मग उजव्या खुर्चीत, सहवैमानिक म्हणून, काही वर्षं, मग कमांड, मग मोठ्या विमानांच्या रांगेत उभं राहणं. दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये परीक्षा, दरवर्षी वैद्यकीय तपासणी, साठीनंतर ती दर सहा महिन्यांनी. हृदयाच्या आलेखात एक रेघ वेडीवाकडी आली तर त्या दिवसापासून उड्डाण बंद. दुसऱ्या कुठल्या धंद्यात पन्नाशीतल्या अनुभवी माणसाची रोजीरोटी इतक्या बारीक दोऱ्यावर असते?

आता रीतीकडे वळते. तुमचा पगार ढोबळमानाने दोन भागांत येतो. एक ठरलेला आणि दुसरा उड्डाणभत्ता, जो तासांवर मोजतात. हे तास ड्यूटीचे नव्हेत. विमान स्वतःच्या जागेवरून हललं तिथपासून ते दुसऱ्या टोकाला जागेवर उभं राहीपर्यंतचे, ‘चॉक्स ऑफ’ ते ‘चॉक्स ऑन’, तेवढेच. घरून गाडी निघते तो वेळ, ब्रीफिंग, हवामानाचे आणि इंधनाचे कागद, इमिग्रेशनची रांग, परदेशातल्या हॉटेलात जाड पडदे ओढून भर दुपारी झोप येण्याची वाट बघणं, याला तासाचा दर नाही. मुक्कामाचा भत्ता मिळतो, तो जेवणखाणापुरता. वर्षाला १,००० तासांपेक्षा जास्त उडायचं नाही असा नियम आहे, म्हणजे सगळी कमाई या हजाराच्या आत बसवायची.

यावर उतारा म्हणून काही तासांची हमी असते. उडालात किंवा नाही उडालात, तेवढ्या तासांचा भत्ता मिळतोच. एअर इंडियात ही हमी कोविडच्या आधी ७० तासांची होती. महामारीत ती २० वर आली आणि एप्रिल २०२३ च्या नव्या वेतनरचनेत ४० झाली. बाहेरच्या माणसाला हे हिशेबनिसाच्या टेबलावरचे आकडे वाटतील. मला मात्र खरी मेख इथेच दिसते.

देशातल्या देशात उडणाऱ्या वैमानिकाने बरं नसल्याचं कळवलं तर त्याचे त्या दिवसाचे पाच-सहा तास जातात. तुमचं तसं नाही. मुंबईहून न्यूयॉर्कला जाऊन परत येण्याची एक फेरी ३१ तासांची धरा. महिन्याला ७५ तास ठरलेत आणि त्यातली एक फेरी तुम्ही नाकारलीत, तर उरले ४४. हमी ४० ची असेल तर भत्ता ४४ तासांचाच मिळणार, म्हणजे एका फोनसरशी ३१ तासांचं नुकसान. हमी ७० ची असती तर तोच फोन ५ तासांत भागला असता. आजारपणाच्या रजेत जिथे उड्डाणाचे तास धरत नाहीत, तिथे ‘आज मला जमणार नाही’ एवढ्या चार शब्दांसाठी कॅप्टनला महिन्याच्या उड्डाणभत्त्यातला पाचातले दोन हिस्से सोडावे लागतात. हे चार शब्द तुम्ही वेळेवर उच्चारावेत अशी माझ्यासारख्या प्रत्येक प्रवाशाची गरज आहे. आणि तेच आपण इतके महाग करून ठेवले आहेत.

थकवा म्हणजे नुसती जांभई नव्हे, हे तुम्हाला सांगायला नको. तरी हे पत्र इतरही वाचतील, म्हणून मंगळूरची आठवण काढते. २२ मे २०१० ला दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान मंगळूरच्या टेबलटॉप धावपट्टीवरून पुढे दरीत गेलं. १५८ माणसं गेली, आठ वाचली. कॉकपिटमधल्या आवाजाच्या नोंदीत सुरुवातीचा दीड तासाहून जास्त वेळ कॅप्टन झोपलेले होते, असं चौकशी समितीला आढळलं. जाग आल्यावर मेंदू काही काळ जडच राहतो आणि निर्णय चुकतात, असंही त्या अहवालात नोंदलं आहे. विमान पहाटेच्या वेळी आखातातून निघालेलं, मध्यरात्र उलटून गेलेली. मुंबईहून युरोप-अमेरिकेकडे जाणारी बरीचशी विमानं याच वेळी सुटतात, आणि पहाटे दोन ते सहा हा शरीर सर्वांत मंदावलेलं असण्याचा काळ. मोठ्या विमानात तुमच्यासाठी बंक असतात, तुम्ही जोडीजोडीने झोपता, हे खरं. पण ठरलेल्या वेळी झोप येतेच असं नाही, आणि उतरताना चौघांतला जो खुर्चीत असतो त्याला जागं असणं पुरत नाही, तरतरीत असावं लागतं.

भाचीची गोष्ट इथे सांगते. ती अजून उजव्या खुर्चीत आहे, देशातल्याच मार्गांवर उडते. दादाने तिच्या शिक्षणासाठी डोंबिवलीचा फ्लॅट तारण ठेवला आहे. पावसाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले तर ही स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभी, दोन बोटांनी नाक गच्च दाबलेलं, तोंड मिटलेलं, गाल फुगलेले. आत हवा ढकलून कान उघडतात का ते बघत होती. सर्दीने कान बंद असताना विमान खाली येऊ लागलं की पडद्यावर दाब येतो, असह्य दुखतं, चक्करसुद्धा येते. डावा कान उघडला, उजवा उघडेना. दुसऱ्या हातात फोन होता आणि फोनवर रोस्टर, म्हणजे ड्यूटीचं वेळापत्रक. बोट सारखं खाली जायचं, जिथे त्या महिन्याच्या तासांची बेरीज होती तिथे. दादा शेजारी भाजी निवडत बसला होता. तो हप्त्याबद्दल अक्षर बोलला नाही, पण निवडलेल्या आणि न निवडलेल्या काड्या एकाच ताटात पडत होत्या. शेवटी तिने फोन करून कळवलं. मग मला म्हणाली, ‘आत्या, खोकला झाला की मी आधी थर्मामीटर नाही, रोस्टर बघते गं.’

सव्विसाव्या वर्षी तिला ही सवय लागली आहे. तुम्हाला ती किती वर्षांपूर्वी लागली असेल, आणि अजून सुटली आहे का, हे मला खरोखर जाणून घ्यायचं आहे.

तासांवरच्या पगाराचा एक गुण मी नाकारत नाही. तो बाई-बाप्या बघत नाही. जानेवारी २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तर ध्रुवावरून एअर इंडियाचं विमान बंगळूरुला आणलं त्या चौघी वैमानिक स्त्रियाच होत्या. झोया अग्रवाल कमांडवर होत्या आणि चौघींत आकांक्षा सोनावरेही होत्या. सोळा हजार किलोमीटरच्या आसपासचं ते अंतर. त्या तासांचा दर पुरुषाला वेगळा आणि बाईला वेगळा नसतो, आणि असं छातीठोकपणे सांगता येईल असे पेशे आपल्याकडे फार नाहीत. पण तीच बाई गरोदर राहिली, उड्डाण थांबलं, की तासांवरची कमाईही थांबते. म्हणजे फिरून तासांच्या मोजणीपाशीच आलो.

मोठा आकडा म्हणजे सुरक्षित आकडा, हा समजही आमचाच. तुमच्या पिढीसाठी तो १७ एप्रिल २०१९ च्या रात्री मोडला. त्या रात्री जेट एअरवेजचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईत उतरलं. लंडन, ॲमस्टरडॅम, टोरांटोला ७७७ आणि ए३३० घेऊन जाणाऱ्या कॅप्टनना त्याआधीचे कित्येक महिने पगार मिळालेला नव्हता. कागदावर लाखोंचा पगार होता आणि मुलांच्या फीसाठी भावाकडे हात पसरावा लागत होता. पुढे कंपनी पुन्हा उडेल या आशेवर पाच वर्षं गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अवसायनात काढण्याचा आदेश दिला. मार्च २०२० मध्ये नियमित आंतरराष्ट्रीय उड्डाणं बंद झाली ती दोन वर्षं. त्याच काळात वंदे भारत मोहिमेत अडकलेल्या भारतीयांना आणायला एअर इंडियाचे वैमानिक गेले, अंगावर ते प्लॅस्टिकचे पोशाख घालून, आणि त्याच वर्षी त्यांचे भत्ते ४० टक्क्यांनी कापले गेले. मला त्याचा तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो.

अमेरिकेत काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १५ जानेवारी २००९ ला कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी बंद पडलेल्या इंजिनांचं विमान हडसन नदीत उतरवलं आणि १५५ जणांना वाचवलं. साऱ्या जगाने टाळ्या वाजवल्या. पुढच्याच महिन्यात त्यांनी अमेरिकी काँग्रेसपुढे साक्ष दिली, आणि तिथे शौर्याच्या कथा सांगण्याऐवजी आपला पगार ४० टक्के कापला गेला आहे आणि निवृत्तिवेतन बुडालं आहे, हे सांगितलं. त्या साक्षीच्या जेमतेम दोन आठवडे आधी, १२ फेब्रुवारीला, बफेलोजवळ कोल्गन एअरचं छोटं विमान पडून ५० माणसं गेली होती. त्यातली सहवैमानिक नोकरीच्या गावी राहणं परवडत नसल्याने आईवडिलांकडे सिअॅटलला राहायची. आदल्या रात्रभर मालवाहू विमानांतून देश ओलांडून ती कामावर आली होती. तिचा पगार किती होता हे चौकशीत बाहेर आलं तेव्हा अमेरिका हादरली. त्यानंतर विश्रांतीचे नियम कडक झाले, सहवैमानिकालाही १,५०० तासांची अट आली, वैमानिकांचा तुटवडा झाला, आणि २०२३ मध्ये डेल्टाच्या वैमानिकांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढ मिळवली. आज तिथला मोठ्या विमानाचा ज्येष्ठ कॅप्टन तासाला ४०० डॉलरच्या वर घेतो. पण मला त्या दरापेक्षा त्यांची महिन्याची हमी महत्त्वाची वाटते. तिथल्या मोठ्या कंपन्यांमधल्या वैमानिकांच्या संघटना दराइतक्याच हट्टाने हमीच्या तासांसाठी आणि आजारपणाच्या तासांसाठी भांडतात.

आपल्याकडचं भांडण कुठे अडलं? एप्रिल २०२३ मध्ये नव्या वेतनरचनेविरुद्ध एअर इंडियाच्या दीड हजारांहून जास्त वैमानिकांनी थेट रतन टाटांना निवेदन पाठवलं. वैमानिकांच्या आक्षेपांत हमीच्या तासांचा मुद्दा होता. ज्येष्ठ कमांडरना व्यवस्थापनाचा भाग मानण्याच्या कलमालाही विरोध होता. हे कलम मला पगाराहून जास्त खुपतं. ज्या कॅप्टनचा शब्द चालतो त्यालाच बोलणीच्या टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसवलं, तर अलीकडच्या बाजूला उरतं कोण? माझ्या भाचीसारखी, बाँड आणि कर्ज डोक्यावर असलेली मुलं. शिवाय सोडून जायचं म्हटलं तर कॅप्टनला वर्षभराची नोटीस, सहवैमानिकाला सहा महिन्यांची. नियमच तसा आहे.

आणि मग डिसेंबर २०२५ मध्ये विश्रांतीच्या नियमांचं जे झालं ते सगळ्या देशाने विमानतळांवर अडकून पाहिलं. आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास, रात्रीच्या लँडिंगवर मर्यादा, रात्र पाचऐवजी सहापर्यंत मोजायची, हे नियम वैमानिकांच्या संघटना न्यायालयात गेल्यावर टप्प्याटप्प्याने आले. शेवटचा टप्पा १ नोव्हेंबरला लागू झाला. महिनाभरात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, कारण तेवढे वैमानिकच नव्हते. विमानतळावर बॅगा टाकून झोपलेल्या प्रवाशांचे हाल मलाही दिसले. पण सरकारने उत्तर काय शोधलं? त्या कंपनीला रात्रीच्या नियमांतून तात्पुरती सूट, आणि रजा म्हणजे साप्ताहिक विश्रांती नव्हे ही अट मागे. माणसं कमी पडली म्हणून माणसांची झोप कमी करायची, हा तोडगा मला मान्य नाही. तो कुठल्याच प्रवाशाने मान्य करू नये.

तुम्हालाही एक कडू गोष्ट ऐकवायची आहे. २०१२ च्या मे महिन्यात एअर इंडियाच्या मोठ्या विमानांच्या वैमानिकांनी एकगठ्ठा आजारी असल्याचं कळवलं आणि ५८ दिवस संप चालला. ड्रीमलायनर विमानाचं प्रशिक्षण कुणाला आधी मिळणार, हा वाद होता. तुमची बाजू तेव्हा बरोबर असेल वा नसेल, पण आजारपणाचा फोन तुम्ही हत्यार म्हणून वापरलात. कंपन्या आज ‘हमी वाढवली तर लोक खोटे आजारी पडतील’ असं म्हणतात, तेव्हा त्यांच्या हातात तोच दाखला असतो. संप करायचा असेल तर संप म्हणून करा, नोटीस देऊन, कायद्याने. आजारपण आणि थकवा यांच्या नोंदी स्वच्छ राहायला हव्यात. त्या गढूळ झाल्या तर खऱ्या थकव्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

पुढचा करार जेव्हा केव्हा होईल, तेव्हा तासाचा दर वाढवून मागण्याआधी तीन गोष्टी मागा असं माझं म्हणणं आहे. हमी पुन्हा ७० तासांवर न्या. थकव्यामुळे किंवा आजारपणामुळे नाकारलेल्या फेरीचे तास, रोस्टरमध्ये होते तेवढे, पगारात धरायला लावा. आणि हे दोन्ही सहवैमानिकांसाठीही तसंच्या तसं, कारण तुमच्या शेजारी बसलेलं माणूस कर्जाच्या भीतीने उडत असेल तर तुमची स्वतःची विश्रांती पुरेशी नाही. यासाठी दरात थोडं कमी घ्यावं लागलं तरी घ्या. ज्या कॅप्टनचा पगार महिन्याला पंधरा-सतरा लाख आहे त्यालाच ही तडजोड परवडते. भाचीला परवडत नाही.

एक काम मात्र कराराची वाट न बघता करता येईल. थकव्याचा अहवाल दिला तर तो नाकारला जाईल, प्रश्न विचारले जातील, म्हणून बरेच वैमानिक ‘पोट बिघडलं’ असं कळवून मोकळे होतात, हे मी भाचीच्या मित्रमैत्रिणींकडून ऐकलं आहे. तसं करू नका. नव्या नियमांप्रमाणे कंपन्यांना थकव्याच्या तक्रारींचा अहवाल दर तीन महिन्यांनी डीजीसीए या विमान वाहतूक नियामकाकडे द्यावा लागतो. तुम्ही थकला असाल तर थकलो असंच लिहा. कुठली फेरी, किती वाजता उठलात, किती झोपलात, सगळं लिहा. ज्येष्ठ कॅप्टन लिहू लागले तर धाकटेही लिहितील. पोट बिघडल्याच्या नावावर टाकलेली रात्र त्या तिमाही अहवालात कुठेच येत नाही, आणि मग पुढचं रोस्टर तशाच रात्री धरून बनतं.



आपली,
मुंबईहून न्यूयॉर्कला जाणारी एक प्रवासी